दर वीस मिनिटांनी

एकदा एक विदुषी आपल्या अडीच वर्षांच्या मुलीपुढे हरली.

विदुषी हा शब्द मी थट्टेने वापरत नाही, निदान पुरता थट्टेने नाही. बालवाडीच्या शिक्षिका घडवणाऱ्या एका संस्थेत ती बालमानसशास्त्र शिकवत असे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या सवयींवर तिने सात वर्षे टिपणे उतरवून दिली होती. त्यांत शौचाच्या सवयींचे एक प्रकरण होते आणि त्या प्रकरणात एक वाक्य होते: मुलास नियमित अंतराने, साधारण दर वीस मिनिटांनी, विचारणा करावी. दोनशेहून अधिक मुलींनी हे वाक्य आपापल्या वहीत उतरवून घेतले, त्याखाली रेघ ओढली आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहिले. ते सांगणारीला तेव्हा मूल नव्हते.

तिला मी चांगली ओळखते, रोज सकाळी आरशात भेट होते. परंतु दृष्टांतात माणसांना नावे नसलेली बरी, म्हणून आपण तिला नुसते आई म्हणू. मुलीचे नाव मात्र सांगते, कारण या कथेतले जे काही यश आहे ते तिचे आहे. तिचे नाव दूर्वा.

दूर्वाच्या जन्मानंतर आईने रजा घेतली, मग ती वाढवली, मग हात जोडून आणखी वाढवली. अखेरीस संस्थेचे पत्र आले. सोळा जूनला रुजू व्हावे, न झाल्यास ती जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली जाईल. पत्राची भाषा सौम्य होती, अर्थ सौम्य नव्हता. आईचा नवरा दुसऱ्या गावी नोकरीला होता आणि शनिवार-रविवारपुरता घरी येई. गावात दिवसभर मूल सांभाळणारी बालवाडी एकच, आणि तिचा नियम एकच. डायपरमधले मूल आम्ही घेणार नाही. अधूनमधून चड्डी ओली झाली तर आमची हरकत नाही, पण मूल चड्डीत यायला हवे.

पत्र आले तेव्हा पस्तीस दिवस हातात होते.

आईने निश्चय केला. निश्चयात ती कधी कमी पडली नव्हती, तिचे जे काही चुकत आले ते निश्चयानंतर. तिने बदकाच्या आकाराचे एक प्लास्टिकचे भांडे आणले. त्यात थेंब पडला की ते गाणे म्हणत असे. आईने खात्री करून घेण्यासाठी त्यात पेलाभर पाणी ओतले, बदक गायले, आणि दूर्वा जी पळाली ती थेट गॅसच्या सिलिंडरमागे जाऊन बसली. नंतर धीर आल्यावर तिने बदकाचा उपयोग आपल्यापुरता ठरवून टाकला. त्यात ती बाहुलीला झोपवू लागली.

दिवसा घरात डायपर निघाला, भिंतीवर तक्ता लागला. मोबाईलवर दर वीस मिनिटांनी घंटा वाजू लागली. घंटा वाजली की आई असेल तिथून विचारी, "दूर्वा, शू आली?" दूर्वा म्हणे, "नाही." मग चारेक मिनिटांनी ती बैठकीच्या खोलीतल्या लांब पडद्यामागे जाऊन उभी राही, आणि पडद्याखालून एक ओघळ सावकाश बाहेर येई. मग आई तक्त्यावर फुली मारी, फरशी पुसे, आणि पुढची घंटा वाजे.

फोनवर सासूबाईंचे म्हणणे वेगळेच असे. गुडघे दुखत असल्याने त्या गावी होत्या, पण जिभेला काही झाले नव्हते. आम्ही पोरांना तिसऱ्या महिन्यापासून पायांवर बसवून शूऽऽ शूऽऽ करायचो, वर्षाच्या आत लंगोट सुटायचे. तुम्ही ती पुडकी बांधून ठेवलीत, त्या पोरीला ओलं म्हणजे काय ते कळणार तरी कधी? आईपाशी याला शास्त्रीय उत्तर होते. पण हातात फरशीचे फडके असताना शास्त्रीय उत्तर देता येत नाही, हे तिला नव्याने समजत होते.

एकदा, निव्वळ योगायोगाने, बदकात थेंब पडले. आईने टाळ्या पिटल्या. नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला, सासूबाईंना लावला, दोघांनी आपापल्या गावाहून टाळ्या वाजवल्या, सासूबाईंनी तर दृष्टही काढली. दूर्वाने सर्वांकडे आळीपाळीने पाहिले. त्यानंतर नऊ दिवस तिने बदकाकडे ढुंकून पाहिले नाही.

मग एके दुपारी आई गवार निवडत बसली होती आणि पलीकडे दूर्वाचे बाहुलीशी काही चालले होते. "शू आली? बघ हं. आली ना? खरं सांग." बाहुली बोलेना, तेव्हा तिने तिला उचलून बदकात दाणकन बसवले. आवाज दूर्वाचा होता, सूर आईचा. आईने तो ऐकला आणि आपण ऐकलाच नाही असे ठरवून गवार निवडत राहिली. सोळा जूनला वीस दिवस उरले होते.

पुढे दूर्वाने दुसरे कामही थांबवले. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पोट टणक झाले, जेवण सुटले, बसताना ती कळवळू लागली. डॉक्टरांनी औषध दिले आणि जबरदस्ती करू नका असे बजावले. आई म्हणाली, मी कुठे जबरदस्ती करते, मी फक्त विचारते. डॉक्टरांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले.

औषधाने पोट मोकळे झाले, तेही पडद्यामागेच. पण त्याच संध्याकाळी आईचा धीर सुटला. तिने दूर्वाला बदकावर बसवले, न्हाणीघराचे दार लावून घेतले आणि सांगितले की शू झाल्याशिवाय उठायचे नाही. पस्तीस मिनिटे गेली. दूर्वा रडली नाही. ओठ घट्ट मिटून ती भिंतीकडे पाहत बसली. अखेर उठवली तेव्हा तिच्या मांड्यांवर बदकाच्या कडेचे लाल वळ उमटले होते आणि बदक कोरडे होते. दोन मिनिटांनी पडद्याखालून ओघळ आला.

आई फरशी पुसायला वाकली आणि तिथेच बसून रडली. नोकरी जाईल हे भय होतेच, पण ते रडणे त्या भयाचे नव्हते. आपल्या लेकीला आपल्यापासून लपायला एक पडदा लागतो, हे तिला त्या ओल्या फरशीवर बसून पहिल्यांदा दिसले.

घराच्याच रस्त्याला पुढे एका जुन्या बालवाडीच्या बाई राहत. त्यांची बालवाडी अडतीस वर्षे चालली आणि त्यांच्या वयामुळे बंद झाली. बाई सातवीपर्यंत शिकलेल्या. पदविका नाही, प्रमाणपत्र नाही. गावातले निम्मे वकील, दोन डॉक्टर आणि एक फौजदार त्यांच्या हाताखाली पहिल्यांदा लंगोटातून चड्डीत आले होते, आणि अजूनही बाई समोरून आल्या की ही मंडळी किंचित अंग चोरून नमस्कार करत.

शिकवणाऱ्या माणसाला कुणाकडे शिकायला जाणे जड जाते. आई तीन दिवस त्या दारावरून पुढे गेली आणि मागे आली. चौथ्या दिवशी तक्ता गुंडाळून घेऊन आत शिरली आणि सारे सांगून टाकले, लाल वळांसकट. बाईंनी तक्ता हात लांब करून पाहिला. "अक्षर छान आहे तुझं," त्या म्हणाल्या. उद्या चार वाजता मुलीला घेऊन ये, आणि फोन घरी ठेव, एवढेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी आई गेली तेव्हा बाईंकडे शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्या पत्नी आलेल्या होत्या. बाईंनी आईला फुलपात्र भरून ताक दिले. ते संपताच दुसरे दिले. थंडगार, आले-कोथिंबीर लावलेले ताक होते, आईने आनंदाने घेतले. गप्पा रंगात आल्या होत्या, एवढ्यात बाईंनी सर्वांसमक्ष तिला विचारले, "तुला जायचंय का?"

"कुठे, बाई?"

"लघवीला."

पोस्टमास्तर पंख्याकडे पाहू लागले. आईने घाईने नाही म्हटले. पाच मिनिटे झाली, तोच प्रश्न. आणखी पाच मिनिटे, पुन्हा तोच. दरम्यान तिसरे फुलपात्र आले आणि बाईंनी ते संपेपर्यंत समोर बसून पाहिले. चौथ्यांदा बाईंनी विचारले, "बघ हं, आली असेल. खरं सांग." आणि या वेळी खरोखरच आली होती.

"नाही," आई म्हणाली, आणि स्वतःचेच उत्तर ऐकून चकित झाली.

तेव्हा बाई उठल्या. तिचा हात धरून तिला पोस्टमास्तरांसमोरून, परसात उभ्या असलेल्या दूर्वासमोरून स्वच्छतागृहापर्यंत नेले, आत लोटले आणि दाराशी उभ्या राहिल्या. "मी इथेच आहे हं," त्या बाहेरून म्हणाल्या. मग, "झाली का?" मग, "होईल हो, सावकाश." मग पुन्हा, "झाली?" आत आई डोळे मिटून बसली होती. तीन फुलपात्री ताक पोटात, आणि थेंब नाही. लाजेने कान तापलेले घेऊन ती जशी गेली तशी बाहेर आली. परसातून दूर्वा हे सारे फार मन लावून पाहत होती.

बाईंनी तिला जागेवर बसवले, चौथे फुलपात्र समोर ठेवले आणि तिला जणू विसरूनच गेल्या. दूर्वाच्या हाती एक लहान तांब्या देऊन त्या अळूला पाणी घालायला निघून गेल्या. पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्र उघडले. त्यांच्या पत्नी वाती वळू लागल्या. कुणाचे लक्ष नाही असे पाहून आई हळूच उठली, परसात गेली, आणि मिनिटभरात मोकळी झाली.

ती बाहेर आली तो चौघे रांगेत उभे. बाईंनी खूण केली आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पोस्टमास्तरांनी नाइलाजाने, पण जोरात. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "शहाणी गं ती!" दूर्वाला तर टाळ्यांचे कारणही नको होते, ती उड्या मारून टाळ्या वाजवत होती.

धरणी दुभंगावी असे आईला वाटले. या घराची पायरी आता पुन्हा चढायची नाही, असेही मनात येऊन गेले. नऊ दिवस तर नाहीच. आणि नऊ हा आकडा आपल्या मनात कुठून आला, हे आठवताच ती जागच्या जागी खाली बसली.

पाहुणे गेल्यावर तिने विचारले की बाई, हे काय केलेत. बाई तिच्याजवळ बसल्या. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या, त्या दिवशी बोलल्या.

"चौथ्या वेळेला तुला आली होती. मग 'नाही' का म्हणालीस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून," आई म्हणाली.

"आणि आत बसलीस तेव्हा?"

"तुम्ही दाराशी उभ्या होतात."

"बरं, टाळ्या वाजवल्या त्या तर तुझ्या कौतुकाच्या होत्या."

आईने चौथे फुलपात्र लांब सरकवले.

"अगं, तू एवढी शिकलेली, चार माणसांत वावरणारी. तरी तुझं पाणी माझ्या एका प्रश्नाला अडलं," बाई म्हणाल्या. "ती अडीच वर्षांची आहे. तिच्या दिवसात तिचं स्वतःचं काय असतं सांग बघू. उठायची वेळ तुझी, झोपायची तुझी, भात किती खायचा ते तू सांगणार, फ्रॉक कुठला ते तू सांगणार. पोटातून एक बारीकशी सूचना येते, तेवढी तिची. ती तिला आत्ता कुठं ऐकू यायला लागली आहे. फार हळू असते ती. आणि नेमकी ती यायच्या सुमारास तुझी घंटा वाजते. मग ती पोटाचं ऐकेल की तुझं? आणि ज्या दिवशी तिला जमलं, त्या दिवशी तू ते तिच्या हातून काढून घेऊन गावभर दाखवलंस. तिला वाटलं, हेही आईचंच."

दूर्वा अळूच्या पानावर पाण्याचे थेंब घरंगळवत होती. आईने तिच्याकडे पाहिले. मग विचारले, मी काय करू.

बाईंनी कामाचे तेवढे सांगितले. रात्रीचे आणि बाहेर जातानाचे डायपरही आजपासून बंद. तिला तिची तिला खाली करता येईल अशी सैल चड्डी घाल. त्या बदकाचे सेल काढून टाक, भांडे चांगले आहे, फक्त गाणे नको. आणि भांडे न्हाणीघरात कशाला, पडद्यामागे ठेव. "जागा तिनं कधीच निवडली आहे. तुला ती दिसली नाही, कारण तू तिथं फडकं घेऊन जात होतीस." एकदा तिला सांग की आली की इथे बस. एकदाच. फरशी ओली झाली तर दोघींनी मिळून पुसा, बोलू नका.

"आणि विचारायचं नाही?"

"विचारायचं नाही."

"किती दिवस लागतील, बाई?"

"हेही विचारायचं नाही," बाई म्हणाल्या, आणि आत जाऊन मूठभर लवंगा घेऊन आल्या. आईच्या ओंजळीत त्या ओतल्या. "प्रश्न ओठावर आला की एक तोंडात टाक. धरून ठेवायला तिनं शिकायचं आहे तसं तूही शिकायचं आहेस. तिला तिचं पाणी, तुला तुझी जीभ. तुझं अवघड आहे. तिचं होईल."

घरी येऊन आईने मोबाईलवरची घंटा बंद केली. तक्ता उतरवला. बदकाचे सेल काढून भांडे पडद्यामागे ठेवले, आणि दूर्वाला दाखवून एकदाच सांगितले. दूर्वाने बदक उचलून हलवून पाहिले. ते गप्प होते. "झोपलं," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी फरशी अकरा वेळा ओली झाली आणि आईने एकोणीस लवंगा खाल्ल्या. संध्याकाळपर्यंत तिच्या जिभेला चव उरली नव्हती. रात्रीच्या आमटीत मीठ दुप्पट पडले ते त्यामुळेच. मी आजवर पुष्कळ परीक्षा दिल्या आहेत, एक तर पोटात दूर्वा असताना दिली, पण मूल खेळता खेळता अचानक थांबून दूरवर पाहू लागते, पाय जवळ घेते, आणि आपल्याला सारे कळते आहे, अशा वेळी तोंड मिटून बसणे याहून कठीण परीक्षा मी पाहिलेली नाही. प्रश्न घशापर्यंत येई. लवंग. पुन्हा येई. आणखी एक लवंग. मग पायापाशी ओघळ. मग दोघी फडके घेऊन बसत. दूर्वा पुसताना गुणगुणत असे, आईलाही गुणगुणावे लागे.

दुसऱ्या दिवशी दूर्वाने पुसता पुसता खाली पाहिले, आपल्या चड्डीकडे पाहिले आणि म्हणाली, "ओलं." फार मोठा शोध लागावा तसे ती म्हणाली. सासूबाईंचे बोलणे आईला आठवले आणि तिने मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. फोनवर मात्र केला नाही. निश्चयालाही काही मर्यादा असतात.

तिसरा दिवस दुसऱ्यापेक्षा वाईट गेला, याचे कारण मला आजतागायत कळलेले नाही. संध्याकाळी आई कपाटासमोर उभी होती. उरलेले डायपर वरच्या फळीवर होते आणि हात पोचत होता. सोळा जूनला पाच दिवस. तिने हात वर नेला, मग फळीवरून ते पुडके काढून गच्चीत पालथ्या बादलीखाली नेऊन दडपले, जेणेकरून परत आणायला जिने चढावे लागतील. बळ कमी पडते तेव्हा जिने वाढवावेत, एवढे तिला सुचले.

शनिवारी नवरा आला. चप्पल काढता काढता त्याने दूर्वाला उचलले आणि तोंड उघडले, "काय गं, शू..." आईने त्याच्या तोंडात लवंग घातली. तो समंजस माणूस होता, चघळत राहिला.

रविवारी सकाळी आई तांदूळ धूत होती. बाहेर दूर्वाचे खेळणे चालले होते आणि ते थांबले. आईने मान वळवली नाही. लहान पावले पडद्याकडे गेली. पडद्याच्या कड्या किंचित वाजल्या. नवरा वर्तमानपत्राआडून काही बोलणार होता, पण लवंगांची वाटी त्याच्यासमोरच होती. तांदळाचे पाणी दोनदा बदलून झाले होते, आईने ते तिसऱ्यांदा बदलले. आणि मग त्या गप्प बदकात थेंब पडल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ येत राहिला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पडद्याच्या खालच्या फटीतून दोन पावले दिसत होती, टाचा वर उचललेल्या. थोड्या वेळाने दूर्वा बाहेर आली. चड्डी तिची तिने वर केली होती, मागची बाजू पुढे. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि आईकडे निरखून पाहत म्हणाली,

"आई, तुला शू आली?"

"आली की मी जाईन," आई म्हणाली.

दूर्वाने विचार केला. "बरं," ती म्हणाली, आणि खेळायला गेली. आईने तांदूळ गॅसवर ठेवले. लवंगेमुळे असेल, तिच्या डोळ्यांना पाणी आले होते.

त्यानंतर सारे सुरळीत झाले असे लिहिले तर ते खोटे ठरेल. सोमवारी पुन्हा दोनदा फरशी ओली झाली. पण सोळा जूनला दूर्वा चड्डीत बालवाडीच्या दाराशी उभी होती, आणि पिशवीत दोन जादा चड्ड्या होत्या.

दारात बालवाडीची ताई आली. आईने तिला ओळखले. सहा वर्षांपूर्वी ती पहिल्या बाकावर बसून टिपणे घेणारी विद्यार्थिनी होती. तिने वाकून नमस्कार केला आणि अगदी विश्वासाने म्हणाली, "मॅडम, तुम्ही मुळीच काळजी करू नका. दर वीस मिनिटांनी विचारेन मी हिला. तुम्हीच तर शिकवलंय."

आपण पेरलेले आपल्याच दारात उगवून यावे, तसे झाले. क्षणभर आईला वाटले, नको बोलायला. पहिला दिवस आहे, आणि शिकवणाऱ्याने आपले चुकले असे विद्यार्थिनीला सांगणे सोपे नसते. पण हाताला धरून उभी असलेली दूर्वा ते ऐकताच तिच्या साडीमागे सरकली होती. साडीचा पडदा झाला होता.

"मी चुकीचं शिकवलं होतं," आई म्हणाली. "विचारू नकोस. कुठं जायचं ती जागा तिला एकदा दाखव, आणि मग तू दुसरीकडे बघ." असे म्हणून तिने पर्समधून उरलेल्या लवंगा काढून ताईच्या तळहातावर ठेवल्या.

ताईने लवंगांकडे पाहिले. "मॅडम, मला खोकला नाही झाला."

"होईल," आई म्हणाली. "ठेव."

दुपारी वर्गात तिने जुनी टिपणे उघडली आणि ते प्रकरण आल्यावर मुलींना सांगितले की तिसरी ओळ, नियमित विचारणेची, लिहू नका. ज्यांनी मोठ्या बहिणींच्या वह्यांतून आधीच उतरवून घेतली होती त्यांनी ती खोडली. एकीने विचारले, मॅडम, मग तिथे काय लिहायचे. आईने खडू खाली ठेवला. ती जागा मोकळी सोडा, तिने सांगितले.

पाच वाजता ती दूर्वाला घ्यायला गेली. दूर्वाच्या अंगावर सकाळची चड्डी नव्हती. ओली चड्डी पिशवीत गाठ मारून ठेवली होती. प्रश्न आईच्या ओठांवर आला, आणि हात सवयीने पर्सकडे गेला. लवंगा तर तिने सकाळीच देऊन टाकल्या होत्या. तिने हात मागे घेतला. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत दोघी काही न बोलता चालल्या. बाईंच्या दारावरून जाताना दूर्वा आपणहून म्हणाली,

"एकदा सांडली. मग नाही सांडली."

आणि दहा पावलांनी पुन्हा म्हणाली, "उद्या जाऊ."

ज्याचे उत्तर आतून यायचे असते, त्याच्या दाराशी विचारणाऱ्याने उभे राहू नये. थोडे लांब बसावे, आणि फरशी पुसायचे फडके तेवढे हाताशी असू द्यावे.